‘सही तिनेच केली होती ना?’ : सॅन दिएगोचा गर्ल्सडूपॉर्न खटला

मृण्मयी_सॅनदिएगो

८ सप्टेंबर २०२५ ला सॅन दिएगोच्या फेडरल कोर्टाने मायकेल प्रॅट या मूळच्या न्यूझीलंडच्या माणसाला २७ वर्षांची कैद सुनावली. ‘गर्ल्सडूपॉर्न’ नावाची वेबसाइट चालवून त्याने आणि त्याच्या साथीदारांनी दहाएक वर्षं शेकडो मुलींना फसवलं. बहुतेकींचं वय १८ ते २२. कुणाला कॉलेजची फी भरायची होती, कुणाचं घरभाडं थकलं होतं.

शिक्षेची बातमी आली तेव्हा तिच्याखाली एकच प्रतिक्रिया वेगवेगळ्या शब्दांत वाचायला मिळाली. सह्या केल्या होत्या, पैसे घेतले होते, सज्ञान होत्या, मग आता तक्रार कसली? मी याच गावात राहते. खटल्याबद्दल बरंच काही सार्वजनिक आहे आणि मी ते सवडीने वाचलंय. त्या एका प्रश्नाला नीट उत्तर द्यावं म्हणून हा धागा काढतेय. मजकूर त्रासदायक आहे, ज्यांना नको असेल त्यांनी इथेच थांबावं.

सुरुवात क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या वेबसाइटवरच्या जाहिरातीने व्हायची. ‘मॉडेल हव्यात, वय १८ ते २२, भरपूर मानधन.’ जाहिरातीतून एका साध्यासुध्या मॉडेलिंगच्या वेबसाइटवर नेलं जायचं. तिथे नाव, वय, उंची भरायची, दोनचार फोटो द्यायचे. काम कपड्यांतल्या मॉडेलिंगचं वाटावं अशीच ती वेबसाइट बनवली होती. काम पॉर्नचं आहे हे मुलीला नंतर कळायचं, फोनवर किंवा ईमेलवर. आणि ते सांगताना सोबत तीन गोष्टी सांगितल्या जायच्या. व्हिडिओ इंटरनेटवर कधीच येणार नाही. तो डीव्हीडीवर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या लांबच्या देशांत खाजगी गिऱ्हाइकांना विकला जातो. तुझं नाव कुठेही नसेल. तिन्ही गोष्टी धादांत खोट्या होत्या. व्हिडिओ इंटरनेटवर टाकण्यासाठीच बनत होते, आणि अमेरिकेतल्याच प्रेक्षकांसाठी.

मुलगी बिचकलीच तर तिला एका ‘आधी काम केलेल्या’ मुलीचा नंबर मिळायचा. ती सांगायची की मीही केलंय, कुणाला काही कळलं नाही, माणसं चांगली आहेत. त्या मुलीला हे बोलण्याचे पैसे मिळत होते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत भयंकर वाटतो तो हा भाग. अठरा वर्षांच्या मुलीने जितकी काळजी घ्यावी तितकी तिने घेतली होती. चौकशी केली होती. आणि तिच्यासारख्या मुली चौकशी करणारच हे धरून समोरच्यांनी उत्तर आधीच विकत घेऊन ठेवलं होतं.

मग विमानाचं तिकीट, तेही लगेचचं, विचार करायला फारशी सवड न देता. सॅन दिएगोत उतरल्यावर हॉटेलची खोली. आत कॅमेरा, दिवे, दोन पुरुष. करार हातात पडायचा तो तिथे, चित्रीकरणाच्या तोंडावर. ‘नेहमीचाच कागद आहे, कर सही, उशीर होतोय.’ काही जणींना त्याआधी दारू किंवा गांजा दिला होता. अमेरिकेत २१ च्या आत दारू देणं हाच गुन्हा आहे. करारात ‘गर्ल्सडूपॉर्न’ हे नाव नव्हतं. असतं तर मुलीने तिथल्या तिथे फोनवर शोधून पाहिलं असतं. त्याऐवजी कुणी कधी न ऐकलेल्या कंपन्यांची नावं होती, आणि सगळे हक्क सोडून देणारी कलमं होती.

काम अर्ध्या तासाचं सांगितलेलं असायचं, चालायचं कित्येक तास. दुखतंय, थांबा, असं म्हणणाऱ्या मुलींना काय ऐकावं लागलं ते कोर्टापुढे आलंय: आता मागे फिरलीस तर खटला भरू, विमानाचा आणि हॉटेलचा खर्च वसूल करू, परतीचं तिकीट रद्द करू. दारासमोर सामान आणि फर्निचर लावलेलं असायचं. अनोळखी शहर, खिशात पैसे नाहीत, आणि आपण इथे आहोत हे घरी कुणालाच ठाऊक नाही. शेवटी ठरलेल्या रकमेतूनही कापाकापी व्हायची, कारण काय तर तुझ्या अंगावर डाग आहेत, तू फोटोतल्यासारखी दिसत नाहीस.

त्यानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत व्हिडिओ इंटरनेटवर. आणि तो नुसता टाकून हे लोक थांबले नाहीत. कोर्टाच्या निष्कर्षानुसार मुलींच्या ओळखीच्यांपर्यंत, वर्गातल्या मुलांपर्यंत क्लिप पोचवण्यात या मंडळींचाच हात होता, कारण तशी बोंब झाली की वेबसाइटवर गर्दी वाढते. ‘पॉर्नविकीलीक्स’ नावाची आणखी एक वेबसाइट होती. तिथे मुलींची खरी नावं, गावं, सोशल मीडियाची खाती, घरच्यांची माहिती छापली जायची. ती वेबसाइट पुढे खुद्द प्रॅटच्याच ताब्यात होती. म्हणजे नाव कुठे येणार नाही असं वचन देणारा आणि नाव चव्हाट्यावर मांडणारा माणूस एकच. मुलींनी कॉलेज सोडलं, नोकऱ्या गेल्या, कित्येकींनी गाव बदललं, नाव बदललं. काहींनी जीव द्यायचा प्रयत्न केला.

२०१६ मध्ये चार जणींनी नाव गुप्त ठेवून दिवाणी दावा लावला, त्या पुढे २२ झाल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुनावणी सुरू झाली. एकेकीला साक्षीच्या पिंजऱ्यात बसून सगळं पुन्हा सांगावं लागलं, आणि समोरच्या वकिलांचं म्हणणं तेच, सही केली होती ना. २ जानेवारी २०२० ला न्यायाधीश केविन एनराइट यांनी निकाल दिला. मुलींना सुमारे १ कोटी २८ लाख डॉलर भरपाई, आणि त्याहून मोलाचं म्हणजे त्यांच्या व्हिडिओंची मालकी. ते करार कोर्टाने मानलेच नाहीत.

दिवाणी सुनावणी चालू असतानाच, ऑक्टोबर २०१९ मध्ये, फेडरल सरकारने मानवी तस्करीचे आरोप ठेवले. प्रॅट पळाला. सप्टेंबर २०२२ मध्ये तो एफबीआयच्या ‘मोस्ट वॉन्टेड’ दहांच्या यादीत आला आणि त्याच डिसेंबरात माद्रिदमध्ये सापडला. व्हिडिओत काम करणारा आणि मुलींना जाळ्यात ओढणारा रूबेन गार्सिया याला २० वर्षं, प्रॅटचा न्यूझीलंडपासूनचा मित्र मॅथ्यू वुल्फ याला १४, कॅमेरावाल्याला ४. गार्सियाच्या प्रकरणात ४०२ जणींना त्यांच्या चित्रणाचे हक्क परत देण्याचा आदेश झाला. या आकड्यावरून व्याप्ती कळते.

हे मी फक्त अमेरिकेची गोष्ट म्हणून सांगत नाहीये. पण आधी तुमचं म्हणणं ऐकायचं आहे.

---

गणेश_नाशिक

सविस्तर लिहिलंत, वाचताना कसंतरी झालं. तरी एक शंका आहे, ती टोमणा म्हणून घेऊ नका. पॉर्न आहे हे त्यांना फोनवर कळलं होतं. त्यानंतर विमानात बसल्या. व्हिडिओत स्वतःचं ओळखपत्र धरून ‘मी राजीखुशीने करतेय’ असंही म्हणतात. मग त्यांना जबरदस्तीने नेलं असं कसं म्हणायचं? इंटरनेटवर टाकलं हा विश्वासघात झाला, मान्य. पण तस्करी?

---

मृण्मयी_सॅनदिएगो

गणेश, शंका रास्त आहे आणि बचावपक्षाने नेमकी हीच मांडली होती.

तस्करी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोंडलेली, मारहाण झालेली मुलगी येते. अमेरिकेच्या कायद्यात २००० सालापासून तीन मार्ग सांगितलेत: बळजबरी, फसवणूक, धाक. तिन्हींपैकी एक सिद्ध झाला तरी पुरतं. पैशासाठीच्या लैंगिक कामाला एखादीला फसवून तयार केलं, तर ती स्वतःच्या पायांनी विमानात बसली म्हणून गुन्हा पुसला जात नाही. इथे फसवणूक तर होतीच, खोलीत पोचल्यावर धाकही होता.

कॅमेऱ्यापुढच्या ओळखपत्राचं म्हणाल तर, अमेरिकेत पॉर्न बनवणाऱ्याला काम करणाऱ्याच्या वयाचा पुरावा ठेवावाच लागतो. ओळखपत्राने मुलगी १८ वर्षांची आहे एवढंच सिद्ध होतं. तिला काय सांगून आणलं हे त्यातून कळत नाही. आणि ‘राजीखुशीने’ हे वाक्य तिच्याकडून कधी म्हणवून घेतलं? खोलीत दोन अनोळखी पुरुष आणि परतीचं तिकीट त्यांच्या हातात असताना. ते वाक्य पुढे कोर्टात दाखवता यावं म्हणूनच रेकॉर्ड केलेलं होतं.

तिने होकार दिला तो परदेशातल्या मोजक्या गिऱ्हाइकांकडे जाणाऱ्या डीव्हीडीला. आपले काका, शिक्षक, भावाचे मित्र पाहतील अशा चित्रफितीला तिने होकार कधीच दिला नव्हता. तो दिला नसता हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं, नाहीतर एवढं खोटं बोलायची गरजच काय होती?

---

रेवती_वकील

मी छत्रपती संभाजीनगरला वकिली करते. गणेशजींच्या प्रश्नाला आपल्याकडच्या कायद्यातूनही उत्तर आहे. एका गटाचा सातबारा दाखवून दुसऱ्याच गटाचं खरेदीखत करून घेतलं, तर खाली सही खरी असली तरी व्यवहार टिकतो का? १८७२ च्या करार कायद्याचं कलम १९ हेच सांगतं. फसवून घेतलेल्या संमतीचा करार, फसलेली व्यक्ती रद्द करून घेऊ शकते.

फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम २८ पाहा. भीतीपोटी किंवा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला ते माहीत असेल तर, संमती ठरत नाही.

याहून उपयोगी आहे कलम ७७. आधी भारतीय दंड संहितेत ते ३५४-सी होतं, २०१३ मध्ये आलं. त्याच्या स्पष्टीकरणात अगदी सरळ लिहिलंय की स्त्रीने चित्र टिपायला संमती दिली असेल, पण ते तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, आणि तरी ते पसरवलं, तर तो गुन्हा आहे. म्हणजे ‘फोटो तर तिनेच काढू दिला’ हा बचाव कायद्याने आधीच बंद केलाय. दुर्दैवाने पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराला बऱ्याचदा हे दाखवून द्यावं लागतं. मी कलमाची छापील प्रत सोबतच नेते.

आपल्याकडे मुलींची आणखी एक कोंडी होते. अश्लील मजकूर प्रसारित करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ आणि ६७-ए खाली गुन्हा आहे. फसवणारे त्याचाच धाक घालतात, ‘पोलिसात गेलीस तर तूच आत जाशील’. मुलगी गप्प बसते. कलम प्रकाशित आणि प्रसारित करणाऱ्याला लागतं, जिला फसवून कॅमेऱ्यापुढे उभं केलं तिला नाही. पण वीस वर्षांच्या मुलीला हे सांगणारं कुणी जवळ नसतं.

---

समीर_तोक्यो

जपानचा अनुभव इथे लागू पडतो म्हणून लिहितोय.

इथेही बरीच वर्षं हेच चालू होतं. रस्त्यात अडवून ‘मॉडेल व्हायचंय का’ म्हणून विचारायचं, एजन्सीचा करार करून घ्यायचा, आणि मुलीने पॉर्नला नकार दिला की करारभंगाच्या दंडाची भीती घालायची. २०१६ मध्ये ‘ह्यूमन राइट्स नाऊ’ या संस्थेने त्यावर अहवाल काढला आणि विषय उघड्यावर आला.

मग २०२२ चा एप्रिल आला. सज्ञान होण्याचं वय २० वरून १८ झालं. तोवर १८-१९ वर्षांच्या मुलांना आईबापांच्या संमतीविना केलेला करार केव्हाही रद्द करता यायचा. ते कवच एका रात्रीत गेलं. त्यावर ओरड झाली आणि जूनमध्ये संसदेने घाईने एक कायदा केला. करार लेखी हवा, त्यातलं सगळं समजावून सांगायला हवं. करार झाल्यापासून एक महिना चित्रीकरण करता येत नाही. चित्रीकरणानंतर चार महिने ते प्रसिद्ध करता येत नाही. आणि प्रसिद्ध झाल्यावरही वर्षभर काम करणाऱ्याला कारण न देता करार रद्द करता येतो, दंड नाही. हे सगळ्या वयांना लागू आहे.

मृण्मयी, तुम्ही लिहिलेल्या प्रकारातली घाई आठवा. लगेचचं तिकीट, हॉटेलच्या खोलीत करार, तासाभरात कॅमेरा सुरू. जपानच्या कायद्याने बोट ठेवलं ते नेमकं याच घाईवर. महिनाभर थांबायला लागलं असतं तर त्या ४०२ पैकी किती जणी विमानात बसल्या असत्या?

दुसरी बाजूही सांगायला हवी. या धंद्यात स्वतःच्या मर्जीने असलेल्या कित्येक बायकांनी या कायद्याला विरोध केला. आमची कामं बुडाली, आम्हाला न विचारता कायदा केला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं म्हणणं उडवून लावू नये असं मला वाटतं. तरीही मला कायदा योग्य वाटतो. ज्यांना हे काम करायचंच आहे त्यांचं महिन्याचं नुकसान होतं आणि ते खरं नुकसान आहे. पण ज्यांना करायचं नव्हतं त्यांचं जे होतं ते भरून निघत नाही.

---

शुभदा_कुलकर्णी

पुण्यात एका कॉलेजात समुपदेशक आहे. मृण्मयीने जाहिरातीचं लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला, कारण माझ्यासमोर आलेल्या प्रकरणाशी ते जवळजवळ तंतोतंत जुळतं. मुलीची ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

दुसऱ्या वर्षाची मुलगी, वसतिगृहात राहणारी. इन्स्टाग्रामवर निरोप आला, ओटीटीसाठी वेब सिरीज, मुख्य भूमिका, दिवसाचे पंचवीस हजार. व्हिडिओ कॉलवर एक बाई बोलल्या, अगदी आपुलकीने, ‘बेटा बेटा’ करत. मग ‘लूक टेस्ट’ला बोलावलं. तिथे आधी चार पानी इंग्रजी करारावर सही घेतली, आणि मग सांगितलं की पटकथेत थोडे ‘बोल्ड’ सीन आहेत, टेस्टमध्ये करून दाखव. ती रडायला लागली, पोटात दुखतंय म्हणून बाहेर पडली, आणि रिक्षा करून वसतिगृहात आली.

करार तिने फोनवर मला दाखवला. कंपनीचा पत्ता नाही, नुसता जीमेल. एका कलमात ‘पटकथेच्या गरजेप्रमाणे सर्व दृश्ये’ करण्याची हमी. आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरात, काम अर्धवट सोडल्यास दहा लाख रुपये दंड. तिने माझ्याकडे येऊन पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘मॅडम, हे दहा लाख बाबांना भरावे लागतील का?’ तिच्याशी जे झालं त्याबद्दल ती बोललीच नाही. पाच दिवस ती जेवली नव्हती ती त्या दहा लाखांच्या धास्तीने. वडील एसटीत वाहक आहेत.

मी त्या नंबरवर फोन करून कॉलेजचं नाव सांगितलं, तसा नंबर बंद झाला.

आईबापांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. आपण मुलींना ‘असल्या भानगडीत पडायचं नाही’ इतकंच सांगून मोकळे होतो. पडलीच तर आमच्याकडे ये, हे सांगत नाही. फसवणाऱ्यांचं सगळं बळ त्या न सांगितलेल्या वाक्यात आहे. ‘घरी कळवू’ ही धमकी फक्त त्याच घरात चालते.

---

रेवती_वकील

शुभदाताई, त्या मुलीला कृपया कळवा. असा दंड करारात लिहिला म्हणून मिळत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार कोर्ट फार तर वाजवी नुकसानभरपाई देतं. आणि कराराचा उद्देशच बेकायदेशीर असेल तर कलम २३ खाली करारच शून्य. असे लोक कोर्टाची पायरी चढत नाहीत, कारण चढले तर आधी तेच अडकतील.

या प्रकाराला जोडूनच दिल्ली उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२१ चा एक आदेश आहे. बंगाली चित्रपटसृष्टीतल्या एका अभिनेत्रीकडून वेब सिरीजमधल्या मुख्य भूमिकेचं आमिष दाखवून तशी दृश्यं करून घेतली. सिरीज काही झालीच नाही, पण निर्मात्याने ती दृश्यं यूट्यूबवर टाकली, आणि तिथून ती इतरांनी उचलली. दृश्यं तिने स्वतः दिली होती, तरी न्यायालयाने तिचा खाजगीपणाचा आणि विसरलं जाण्याचा हक्क मान्य करून चित्रण काढायला लावलं.

मुंबईत मढच्या बंगल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये गुन्हे शाखेने छापा घातला, तेव्हाही पोलिसांचा आरोप हाच होता, वेब सिरीजच्या नावाखाली मुलींना आणून अश्लील चित्रीकरण. तो खटल्याचा विषय आहे म्हणून जास्त लिहीत नाही. पण पद्धत पाहा, क्रेगलिस्टच्या जागी इन्स्टाग्राम आलं एवढंच.

---

निनाद_जोग

सगळे बनवणाऱ्यांबद्दल बोलताय. पाहणाऱ्यांबद्दल कुणीतरी बोलायला हवं, आणि ते पुरुषाने बोललेलं बरं.

पॉर्नहब या पॉर्नच्या मोठ्या वेबसाइटवर गर्ल्सडूपॉर्नचं स्वतःचं चॅनल होतं. दावा २०१६ मध्ये दाखल झाला, पण चॅनल हटलं ऑक्टोबर २०१९ मध्ये, फेडरल आरोप लागल्यावर. मधली तीन वर्षं मुली ‘काढा, काढा’ म्हणून विनवत होत्या आणि व्हिडिओ चालूच होते. डिसेंबर २०२३ मध्ये पॉर्नहबच्या मालक कंपनीने, म्हणजे आयलोने, आधीचं नाव माइंडगीक, न्यूयॉर्कच्या फेडरल सरकारी वकिलांशी तडजोड केली. तस्करीतून आलेला पैसा आपण घेतला हे मान्य केलं, अठरा लाख डॉलरच्या आसपास रक्कम भरली, आणि तीन वर्षांसाठी बाहेरचा निरीक्षक नेमून घेतला.

या कंपन्यांना हलवलं कशाने? डिसेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये निकोलस क्रिस्टॉफ यांचा लेख आला, त्यात पॉर्नहबवरच्या अल्पवयीनांच्या चित्रणाबद्दल लिहिलं होतं. त्यावर व्हिसा आणि मास्टरकार्डने हात आखडता घेतला. काही दिवसांत पॉर्नहबने ओळख न पटवलेल्यांनी टाकलेले लाखो व्हिडिओ, म्हणजे वेबसाइटवरचे बहुतेक सगळे, उतरवले. कित्येक वर्षं जे तांत्रिकदृष्ट्या अवघड होतं ते पैशाची वाट अडल्याबरोबर जमलं.

आणि आपण? कॉलेजात असताना आमच्या गटात अशा क्लिप फिरायच्या. ‘खऱ्या मुली आहेत, नट्या नाहीत’ हेच त्यांचं आकर्षण म्हणून सांगितलं जायचं. त्या मुलीच्या चेहऱ्यावरची भीती, अवघडलेपण हे सगळं दिसत होतं, आणि तेच विकलं जात होतं. आज गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणा ओळखीच्या मुलीची क्लिप येते तेव्हा ती पुढे ढकलणारे आपल्यातलेच असतात. कलम ७७ आणि ६७-ए त्यांनाही लागू आहे. ग्रुपवर एकाने जरी ‘हे डिलीट करा, मी तक्रार करतोय’ असं लिहिलं तरी साखळी तुटते. मी दोनदा लिहिलंय. शिव्या खाल्ल्या, पण दोन्ही वेळा क्लिप निघाली.

---

गणेश_नाशिक

निनादशी सहमत. रेवतीताई, कलम ७७ च्या स्पष्टीकरणाचं मराठी भाषांतर इथे टाकाल का? आमच्या तालुक्यात पोलीस पाटलांची बैठक असते, तिथे वाचून दाखवता येईल.

---

पाहुणी_९

पहिल्यांदाच लिहितेय, लॉग-इन यासाठीच केलं. माझ्या मैत्रिणीचा व्हिडिओ दोन वेबसाइटवर आणि एका टेलिग्राम चॅनलवर आहे. ‘ऑडिशन’ म्हणून घेतला होता. ती २० वर्षांची आहे. तिने भीतीने सगळे चॅट डिलीट करायला घेतले होते, मी थांबवलं. पुढे काय करायचं? पोलिसात गेलो तर घरी फोन करतील का?

---

रेवती_वकील

थांबवलंत ते फार चांगलं केलंत. चॅट, कॉलची यादी, पैसे आले असतील तर यूपीआयची नोंद, काहीही पुसू नका. प्रत्येक ठिकाणची पूर्ण लिंक उतरवून घ्या, चॅनलचं नाव आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. व्हिडिओ स्वतः डाउनलोड करून कुणाला पाठवू नका, पुरावा म्हणूनसुद्धा नाही.

मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ‘महिला व बालकांविषयीचे गुन्हे’ यात तक्रार नोंदवा. नाव न देताही नोंदवता येते, पण पाठपुरावा हवा असेल तर नाव देऊन नोंदवलेली बरी. ठाण्यात गेलात तर हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही, ‘झिरो एफआयआर’ घ्यावाच लागतो. मुलगी सज्ञान आहे, घरी कळवू नका असं तिने स्पष्ट सांगावं, आणि महिला अधिकाऱ्यासमोर जबाब मागावा.

वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला तिने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणी लिहिलं तर चालतं. २०२१ च्या नियमांनी अशा नग्न चित्रणासाठी २४ तासांची मुदत घातली होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आली. परदेशी वेबसाइट दाद देईलच असं नाही, पण अर्जाची नोंद पुढे कोर्टात कामी येते. ‘स्टॉप-एनसीआयआय’ ही मोफत सेवाही वापरा. व्हिडिओ तिच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त अंकांचा ठसा तयार होऊन फेसबुक, इन्स्टाग्राम, पॉर्नहब अशा सहभागी कंपन्यांकडे जातो, आणि तोच व्हिडिओ पुन्हा चढवला तर तो अडवता येतो. टेलिग्रामसाठी वेगळी तक्रार करावी लागेल.

गणेशजी, भाषांतर रविवारपर्यंत टाकते.

---

पाहुणी_९

खूप आभार. लिंका सगळ्या उतरवून ठेवल्यात. ती म्हणतेय की सही मीच केली होती, पोलीस मलाच ओरडतील. तिला हा धागा वाचायला दिलाय.

---

शुभदा_कुलकर्णी

तिला एकटीला ठाण्यात पाठवू नका. तुम्ही जा, आणि शक्य असेल तर सोबत एखादी मोठी बाई असू द्या, बोलणं तुटलं तर सावरायला. पुण्यात किंवा आसपास असाल तर मी येईन. तुमच्या विपूत (विचारपुशीत) माझा नंबर लिहिलाय, रात्री कितीही वाजता फोन करा. आणि ती आज जेवली का ते आधी बघा.